खणातलं खापर : एका चित्रकार-तज्ज्ञाचं प्रकरण

या प्रकरणातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं आणि शहरं गाळली आहेत, ज्या प्राचीन भांड्याभोवती हे प्रकरण फिरतं त्यावरच्या चित्राचे एकदोन तपशीलही बदलले आहेत. घटनांचा क्रम जसा होता तसाच ठेवला आहे. चित्रकारांच्या टेबलाच्या खणांतल्या खापरांची यादी करायला नंतर जी दोन माणसं बसली, त्यांतला एक मी. त्यामुळे पाकिटं, पत्रं आणि ट्रेसिंगचे कागद मी स्वतः हाताळले आहेत. बाकीचं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं.

पार्श्वभूमी

ते मूळचे चित्रकारच. शिक्षण संपल्यावर दहाबारा वर्षं निसर्गचित्रं आणि व्यक्तिचित्रं केली, ती बेताचीच विकली गेली. मग एका संग्रहालयाने त्यांना प्राचीन ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांची रेखाटनं करायला बोलावलं. भांड्याच्या गोलाईवरचं चित्र फोटोत सरळ येत नाही. कडेच्या आकृत्या आक्रसतात, मधल्या फुगतात. त्यामुळे पारदर्शक कागद भांड्यावर धरून रेघ न् रेघ उतरवून घ्यायची पद्धत होती. हे काम त्यांनी जवळजवळ वीस वर्षं केलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने कुठे दाब दिला, कुठे मनगट वळवलं, कुठे रंग संपत आला म्हणून घाई केली, हे त्यांना वाचून कळलेलं नव्हतं. ते त्यांच्या हाताला कळत होतं.

या भांड्यांपैकी फारच थोड्यांवर चित्रकाराची सही असते. बाकीच्यांवरचा ‘हात’ ओळखावा लागतो. त्याची रीत एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी मोरेल्ली यांनी इटालियन चित्रांसाठी बसवली. चेहरा आणि पोझ सगळेच नीट काढतात, तेव्हा बघायचं ते कानाची पाळी, नख, घोट्याचं हाड अशा ठिकाणी, जिथे चित्रकार सवयीने काढतो, विचार करून काढत नाही. ऑक्सफर्डच्या जॉन बीझली यांनी हीच नजर अथेन्सच्या भांड्यांवर लावली आणि शेकडो अनामिक चित्रकार वेगळे केले. नावं माहीत नसल्यामुळे ती ठेवावी लागली. कुणी बर्लिनमधल्या एका भांड्यावरून ‘बर्लिन पेंटर’ झाला, कुणी आणखी कशावरून. दक्षिण इटलीतल्या ग्रीक धाटणीच्या भांड्यांसाठी हेच काम आर्थर ट्रेंडल यांनी केलं. अपुलिया प्रांतातल्या भांड्यांची त्यांची आणि अलेक्झांडर कॅम्बिटोग्लू यांची मोठी सूची 1978 ते 1982 या काळात निघाली.

आपले चित्रकार याच अपुलियन भांड्यांतले जाणकार. दारियस पेंटर हा त्यांचा खास माणूस. 1851 मध्ये कानोसा इथे सापडलेल्या आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या सव्वा मीटरहून उंच भांड्यावर पर्शियाचा राजा दारियस दरबारात बसलेला आहे, त्यावरून हे नाव. काळ इसवी सनापूर्वी 340 ते 320 च्या आसपासचा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अपुलियातली ही मोठी, वळणदार कानांची भांडी बहुतेक वेळा थडग्यासाठीच घडवली जात. कितीतरी भांड्यांना बूडच नसतं, तळाशी आरपार भोक असतं. त्यात द्राक्षारस कधी भरला गेला नाही, भरता आलाच नसता. पुढच्या बाजूला छोटं देवळासारखं बांधकाम, त्यात पांढऱ्या रंगात मृत व्यक्ती, दोन्ही बाजूंना भेटी घेऊन आलेली माणसं, असं चित्र. त्यामुळे असं भांडं बाजारात दिसलं की ते कुठल्या वाड्यातून, देवळातून किंवा घरातून आलं असेल, अशा शक्यता मोजत बसायला नको. ते थडग्यातून आलं. थडगं कुणी, कधी आणि कुणाच्या परवानगीने उघडलं, एवढाच प्रश्न उरतो. आणि 1909 पासून इटलीच्या कायद्याप्रमाणे जमिनीखालून निघणारी पुरातन वस्तू सरकारच्या मालकीची आहे. 1939 च्या कायद्याने ते आणखी पक्कं केलं. पुरातत्त्वज्ञ रिकार्डो एलिया यांनी नंतर, 2001 मध्ये, माहीत असलेल्या अपुलियन भांड्यांचा हिशेब मांडला. तेरा हजारांवर भांड्यांपैकी पुरातत्त्वज्ञांनी रीतसर उत्खननात काढलेली जेमतेम साडेपाच टक्के निघाली.

म्हणजे ज्या शास्त्रात आपले चित्रकार पारंगत होते, त्याचा कच्चा माल बव्हंशी चोरीचा होता. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्या क्षेत्रात सगळ्यांनाच माहीत होतं. पण ‘कुणी काढलं’ हा प्रश्न इतका गोड आहे की ‘कुठून काढलं’ हा विचारायचा राहून जातो.

संग्रहालयातलं काम संपल्यावर त्यांचं पोट तीन गोष्टींवर चालू लागलं. संग्राहक आणि व्यापाऱ्यांना लेखी मत देणं. रेखाटनांसह लेख लिहिणं. आणि तिसरं, ज्याबद्दल ते कमी बोलत, ते म्हणजे जोडलेल्या भांड्यांतल्या रिकाम्या जागा प्लास्टरने भरल्यावर त्यावर मूळच्यासारखी रेघ ओढून देणं. या कामाला त्यांच्यासारखा हात दुसरा नव्हता.

शिवाय तो खण. त्यांच्या टेबलाला रुंद, उथळ खण होते आणि त्यांत खापरं ठेवलेली होती, प्रत्येक वेगळ्या पाकिटात. व्यापारी अधूनमधून ‘तुमच्या अभ्यासाला’ म्हणून एखादं खापर देत. चित्रकार पाकिटावर तारीख, देणाऱ्याची आद्याक्षरं आणि बारीकसं रेखाटन करून ते खणात टाकत. ही शिस्त संग्रहालयातली. तिनेच पुढे घोळ केला. किंवा घोळ निस्तरला, कुठून पाहता त्यावर आहे.

अडचण

1994 च्या उन्हाळ्यात एका व्यापाऱ्याने मीटरभर उंचीच्या अपुलियन भांड्याचे सहा फोटो पाठवले. मधे देऊळ, आत तरुण, डावीकडे हातात आरसा धरलेली स्त्री. चित्रकारांनी फोटो भिंगाखाली धरले आणि त्याच संध्याकाळी फोन केला. “दारियस पेंटर, किंवा त्याच्या अगदी जवळचा. बाईचा चेहरा बघा, शंकाच नको.”

‘किंवा त्याच्या अगदी जवळचा’ हे चार शब्द फोनच्या तारेतच राहिले. आठवड्याभरात व्यापाऱ्याचं आभाराचं पत्र आलं, त्यात ‘हे भांडं दारियस पेंटरचं असल्याचं आपण खात्रीपूर्वक सांगितलंत’ असं होतं. पत्राची प्रत एका संग्राहकालाही गेली होती. चित्रकारांनी ते वाचलं, जरा खटकलं, आणि फाईलला लावलं.

व्यापाऱ्याला आता लेखी मत हवं होतं, छापण्यासारखं. चित्रकार भांडं प्रत्यक्ष पाहायला गेले. ते एका फ्रीपोर्टमध्ये होतं. माल कागदोपत्री देशात आणल्याशिवाय वर्षानुवर्षं ठेवता येतो अशी ही गोदामं. बिनखिडकीची खोली, एक टेबल, एक दिवा. सोबत एक पानी इतिहास होता: भांडं 1960 च्या दशकापासून एका कुटुंबाकडे होतं. जुना फोटो नाही, बिल नाही, निर्यात परवाना नाही, कुटुंबाचं नावही नाही. वेगळा कागद होता तो प्रयोगशाळेचा. थर्मोल्युमिनेसन्स चाचणीप्रमाणे माती प्राचीन काळीच भाजली गेली होती. व्यापाऱ्याने तो कागद मोठ्या अभिमानाने पुढे केला. मला या चाचणीची नेहमी गंमत वाटते. भांडं नकली नाही एवढं ती सांगते. ते चोरलेलं आहे की नाही यावर ती काहीच बोलत नाही. उलट वस्तू जितकी अस्सल ठरेल, तितकी ती कुठल्यातरी खड्ड्यातून आल्याची खात्री वाढते.

चित्रकारांनी यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा मागितला आणि खोली अंधारी केली. भांडं काळपट जांभळं दिसू लागलं, जोड उजळले, आणि आरसेवाल्या बाईचा चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, दुधासारखा चमकला. चेहरा नवा होता. प्लास्टर भरून वर रंगवलेला.

फोटोत ज्या चेहऱ्यावरून त्यांनी दारियस पेंटरचं नाव घेतलं, तोच हा चेहरा. ते वाकून जवळून बघू लागले. खालच्या पापणीची रेघ डोळ्याच्या कोपऱ्याबाहेर किंचित लांबलेली होती. ही रेघ त्यांच्या ओळखीची होती, पण दारियस पेंटरची म्हणून नव्हे. 1970 च्या दशकात त्यांनी दारियस पेंटरच्या एका स्त्रीमुखाचं रेखाटन छापलं होतं, त्यात पापणी चुकून लांबली होती. मूळ भांड्यावर ती तशी नाही. ज्याने हे भांडं जोडलं त्याने रिकाम्या जागेसाठी नमुना म्हणून तेच छापील रेखाटन घेतलं आणि चूकही उचलली. थोडक्यात, चित्रकारांनी फोटोत ओळखला तो स्वतःचाच हात.

ते काही बोलले नाहीत. सवयीने ट्रेसिंगचा कागद काढला आणि यूव्हीच्या उजेडात दुधी भागाची बाह्यरेषा उतरवून घेतली. ‘अभ्यासासाठी’ म्हणाले. व्यापाऱ्याने मान डोलावली.

घरी आल्यावर दोन दिवस तो कागद टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कामासाठी खण उघडला तेव्हा एका पाकिटावरच्या रेखाटनाकडे लक्ष गेलं. स्त्रीमुख, डावा प्रोफाइल. तारीख मार्च 1992, आद्याक्षरं एका वेगळ्याच मध्यस्थाची. त्यांनी खापर काढून कागदावर ठेवलं. कडा जुळल्या. कपाळाच्या बाजूला नखाएवढी फट राहिली, बाकी सगळं बसलं.

खापरावरचा खरा चेहरा वेगळा होता. नाक आखूड, ओठ जाड, भुवई एका फटकाऱ्यात. तो दारियस पेंटरचा नव्हताच. पुढच्या पिढीतल्या अंडरवर्ल्ड पेंटरच्या वर्तुळाकडे तो झुकत होता. तोही चांगला चित्रकार, पण बाजारात दारियसएवढा मोठा नव्हे.

या एका खापराने दोन्ही गोष्टी मोडीत काढल्या. हात चुकला होता. आणि 1960 च्या दशकापासून एका कुटुंबाकडे असलेल्या भांड्याचा चेहरा 1992 साली, कडांना माती चिकटलेल्या अवस्थेत, दुसऱ्याच माणसाच्या खिशातून येऊ शकत नव्हता. भांडं नुकतंच खणून काढलं गेलं होतं, तुकडे वाटले गेले होते, आणि त्यातला एक चित्रकारांच्या टेबलात दोन वर्षं पडून होता.

समोरचे पर्याय

तुकडे असे का वाटतात हे बाहेरच्याला कळत नाही. टोंबारोली, म्हणजे थडगी फोडणारे इटालियन भुरटे, लांब लोखंडी सळई जमिनीत खुपसून पोकळी शोधतात. मोठं भांडं अखंड बाहेर काढण्यापेक्षा तुकड्यांत नेणं सोपं. पुढे व्यापारीही सगळे तुकडे एकदम विकत नाहीत. ज्याने अर्धं भांडं घेतलं तो उरलेल्यासाठी पुन्हा येणारच. अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने ओनेसिमोस या प्राचीन ग्रीक चित्रकाराने रंगवलेला एक प्याला 1980 च्या दशकात असाच तुकड्या-तुकड्यांनी जमवला आणि 1999 मध्ये तो इटलीला परत करावा लागला. काही तुकडे तज्ज्ञांना भेट मिळतात. त्याने तज्ज्ञ खूश राहतो. आणि बांधला जातो, हे त्याला उशिरा कळतं.

चित्रकार अकरा दिवस विचार करत होते. त्या दिवसांतल्या टिपणांची वही माझ्याकडे आली होती, त्यामुळे ते काय तोलत होते हे बऱ्यापैकी सांगता येतं.

सर्वांत मोहक पर्याय प्रामाणिक दिसणारा होता. लेखी मत द्यायचं, पण ‘डावीकडच्या स्त्रीचा चेहरा नव्याने भरलेला आहे, तो वगळता’ अशी पुस्ती जोडायची आणि नाव दारियसऐवजी अंडरवर्ल्ड पेंटरच्या वर्तुळाचं घालायचं. एकही शब्द खोटा नाही. खापराचा उल्लेख नाही, इतिहासाच्या कागदावर भाष्य नाही. ‘मला हात ओळखायला बोलावलं, मी हात ओळखला.’ वहीत हे वाक्य दोनदा आहे. दुसऱ्यांदा त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे.

दुसरा पर्याय त्यांच्यातल्या चित्रकाराला ओढत होता: खापर व्यापाऱ्याला देऊन टाकायचं, भांडं पूर्ण होऊ द्यायचं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाईला तिचा चेहरा मिळेल. या युक्तिवादाची खिल्ली उडवणं सोपं आहे, मी उडवणार नाही. ज्याने वीस वर्षं तुटक्या रेघा जोडल्या त्याला ती फट बघवत नसणार.

तिसरा, काही कारण न देता नकार. बाजारात हे चालतं. ‘प्रकृती बरी नाही’ म्हणायचं. भांडं मग दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाणार, आणि त्याच्या खणात ते खापर नसणार.

चौथा, कळवणं. इटलीत काराबिनिएरी या पोलीस दलाचं कलाचोरीविरोधी पथक 1969 पासून आहे. पण कळवायचं म्हणजे आधी स्वतःचा खण उघडायचा. एक खापर दाखवलं की बाकीची तीनशेच्या वर पाकिटं आलीच. शिवाय ज्या भांड्यांत त्यांनी रेघा भरल्या आणि ज्यांवर नंतर मतही दिलं, त्यांचं काय?

त्यांनी दोघांना विचारलं. वकिलांचं म्हणणं सरळ होतं: खापराबद्दल कुठेही लिहू नका, मत नाकारा, गप्प राहा. भांडं ज्या देशातल्या फ्रीपोर्टमध्ये होतं त्याने तेव्हा सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा ने-आण रोखणाऱ्या युनेस्कोच्या 1970 च्या करारावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नव्हती, व्यापाऱ्यावर खटला उभा राहणं अवघड होतं, आणि चोरीचा माल बाळगल्याचा ठपका आधी चित्रकारांवरच आला असता. दुसऱ्या होत्या त्यांच्या संग्रहालयातल्या जुन्या सहकारी, भांड्यांची डागडुजी करणाऱ्या. त्यांनी कायद्याचं काही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, “आधी फोटो काढ. खापराचे, पाकिटाचे, कागदावर ठेवलेल्या स्थितीत. काय करायचं ते मग ठरव.” फोटो काढले गेले. पुढे सगळं त्यांच्यावरच टिकलं.

काय केलं

खरं सांगायचं तर आधी अर्धंच केलं. त्यांनी व्यापाऱ्याला पत्र लिहून तीन गोष्टी मागितल्या: कुटुंबाचं नाव, 1970 आधीचा एखादा फोटो किंवा कागद, आणि जोडकामापूर्वीचे फोटो. मत तोवर स्थगित.

उत्तरात नाव नव्हतं. जोडकामापूर्वीचा एक फोटो मात्र होता, पोलरॉइड. व्यापाऱ्याने तो निष्काळजीपणे पाठवला असावा. तुकडे फरशीवर मांडलेले, मातीने भरलेले, चेहऱ्याच्या जागी भोक. कुटुंबात तीस वर्षं जपलेल्या भांड्याचा फोटो असा नसतो. पत्राच्या शेवटी मानधन दुप्पट केल्याचं लिहिलेलं होतं.

यावर चित्रकारांनी आठ महिन्यांहून जास्त काळ काहीच केलं नाही. व्यापाऱ्याची दोन पत्रं आली, त्यांना उत्तर नाही. त्यांचं म्हणणं, ते आजारी होते. वहीवरून तसं दिसत नाही. ते नेहमीची कामं करत होते.

मग सप्टेंबर 1995 मध्ये जिनीव्हाच्या फ्रीपोर्टमध्ये इटालियन व्यापारी जाकोमो मेदीची याच्या गोदामावर धाड पडली. आत हजारो वस्तू आणि हजारो फोटो सापडले, त्यांत माती लागलेल्या, न जोडलेल्या भांड्यांची पोलरॉइड्सही होती. आपल्या प्रकरणातल्या व्यापाऱ्याचा त्याच्याशी संबंध होता असं काही पुढे आलं नाही. पण सगळ्या बाजाराला एक गोष्ट कळली: तुकड्यांचे फोटो जपून ठेवलेले असतात, आणि ते बोलतात. मेदीचीला 2004 मध्ये रोमच्या न्यायालयाने दोषी ठरवलं.

धाडीची बातमी आल्यावर पंधरा दिवसांत चित्रकारांनी दोन पत्रं टाकली. एक व्यापाऱ्याला आणि त्याची प्रत त्या संग्राहकाला: फोनवरचं मत मागे घेत आहे, कारण चेहरा नवा आहे आणि इतिहासाचा कागद मला खोटा वाटतो. दुसरं इटलीच्या वकिलातीमार्फत काराबिनिएरींच्या पथकाला. सोबत फोटो, पोलरॉइड, ट्रेसिंग आणि खापर. बाकीच्या खणाचा उल्लेख त्यात नव्हता. तो त्यांनी आणखी काही महिन्यांनी, त्या सहकारी बाईंच्या सांगण्यावरून, स्वतःहून उघडला.

निष्पत्ती

पथकाकडून चौकशी होईपर्यंत भांडं त्या खोलीत नव्हतं. ते हलवायला व्यापाऱ्याला वर्षभर मिळालं होतं.

काही वर्षांनी ते दुसऱ्या देशातल्या विक्रीच्या कॅटलॉगमध्ये उगवलं. चेहरा पुन्हा नव्याने रंगवलेला, या वेळी पापणी आखूड. नाव तेच, दारियस पेंटर. चित्रकारांचं नाव कुठेच नाही, पण मूळ मत त्यांचंच, फोनवर दिलेलं, आता अनाथ होऊन फिरणारं. मागे घेतल्याचं पत्र दोन माणसांकडे होतं. मत कितीजणांकडे पोचलं होतं याला हिशेब नव्हता.

ओळख पटली ती भेगांवरून. चेहरा कितीही वेळा रंगवा, फुटल्याच्या रेषा बदलत नाहीत. पोलरॉइडमधले तुकडे, ट्रेसिंग आणि कॅटलॉगचा फोटो एकावर एक ठेवल्यावर विक्री थांबली. वाटाघाटी झाल्या. भांडं ज्याच्याकडे होतं त्या संग्राहकाने न्यायालयात न जाता ते सोडलं. ते इटलीत गेलं, प्लास्टरचा चेहरा काढला गेला आणि खापर जागेवर बसलं. कपाळाजवळची नखाएवढी फट आजही आहे. तिथे रेघ ओढलेली नाही, ती नुसती मातीच्या रंगाने बुजवली आहे.

चित्रकारांवर खटला झाला नाही. काम मात्र जवळपास थांबलं. व्यापाऱ्यांनी बोलावणं बंद केलं, हे अपेक्षित होतं. विद्यापीठातल्या ओळखीच्यांनीही बंद केलं, हे त्यांना लागलं. ज्या भांड्यांत त्यांनी रेघ भरली होती आणि मतही दिलं होतं, त्यांची यादी त्यांनी स्वतः केली आणि जिथे जिथे ती होती तिथे पाठवली. काहींनी पोच दिली. त्यांतल्या एका संग्रहालयाने भांड्याखालच्या पाटीवरून त्यांचं नाव काढलं आणि ओळख तशीच ठेवली.

वेगळं काय करता आलं असतं

या प्रकरणावर बोलताना लोक खापरावर थांबतात, कारण ते नाट्यमय आहे. मला निर्णयाची खरी जागा त्याच्या आधी दिसते, फोनपाशी. सहा फोटो पाहून त्याच संध्याकाळी दिलेलं तोंडी मत ही या सगळ्या साखळीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग गोष्ट. तज्ज्ञाला वाटतं, तोंडी म्हणजे कच्चं. व्यापाऱ्याला तोंडी म्हणजे तज्ज्ञ खोडू शकणार नाही असं. आभाराचं पत्र आलं त्याच दिवशी ‘असं मी म्हटलेलं नाही’ अशी दोन ओळींची दुरुस्ती गेली असती, तर कॅटलॉगमध्ये ते नाव छापायला जरा हिंमत लागली असती.

आणि फोनवर पहिला प्रश्न हाताचा नको होता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 1972 मध्ये युफ्रोनियस या प्राचीन ग्रीक चित्रकाराचं मोठं भांडं दहा लाख डॉलरला घेतलं, तेव्हा ते युफ्रोनियसचं आहे यावर वाद नव्हता, त्यावर सहीच होती. ते 1920 पासून बैरूतच्या एका व्यापाऱ्याच्या घराण्यात असल्याची कहाणी सांगितली गेली. प्रत्यक्षात ते 1971 मध्ये इटलीतल्या चेर्वेतेरीजवळ फोडलेल्या थडग्यातून आलं होतं, आणि 2008 मध्ये परत गेलं. हात ओळखण्यात कुणीच चुकलं नव्हतं. सगळी चूक दुसऱ्या प्रश्नात होती. काही पुरातत्त्व नियतकालिकं 1970 च्या दशकापासून पूर्वेतिहास नसलेली वस्तू पहिल्यांदा प्रसिद्ध करायला नकार देतात, त्यामागे हेच कारण आहे: विद्वानाने वस्तूला नाव दिलं की तिला जणू जन्मदाखला मिळतो. या नियमाला विरोध करणारेही आहेत. अशाने हजारो भांडी अभ्यासाबाहेर राहतील, असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण अभ्यास करणं आणि विक्रीपूर्वी मानधन घेऊन नाव देणं, या एका गोष्टी नव्हेत.

भरणं आणि ओळखणं ही दोन कामं एका माणसाने करू नयेत, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, तेही हसत. “माझी पापणी मीच पकडली म्हणून बरं. दुसऱ्याने पकडली असती तर ती दारियसची झाली असती.” त्यांनी भरलेल्या प्रत्येक जागेचा आधीचा आणि नंतरचा फोटो ठेवला असता, आणि मत देताना तो जोडला असता, तर बराच गुंता टळला असता. हे तेव्हाही अवघड नव्हतं.

भेट मिळालेल्या खापरांबाबत माझं मत त्यांच्याहून कडक आहे. ते शेवटपर्यंत म्हणत राहिले की खण होता म्हणून भांडं सापडलं. हे खरंच आहे. पण दर वेळी मध्यस्थाकडून खापर घेताना त्यांनी त्या माणसाला सांगितलं, की तुझ्याकडच्या मातीबद्दल मी विचारणार नाही. पाकिटावर तारीख लिहिण्याची शिस्त होती, तर ‘कुठून’ हा रकाना का नव्हता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, जागा नव्हती. पाकिटं बरीच मोठी होती.

आठ महिन्यांच्या स्वस्थपणाबद्दल ते बोलत नसत. वकिलांचा सल्ला त्यांच्यापुरता बरोबर होता, आणि तो पाळला असता तर त्यांचं काम वाचलं असतं. पण सहकारी बाईंनी फोटो काढायला लावले त्याच आठवड्यात ते पथकाकडे गेले असते, तर भांडं त्या खोलीतच मिळालं असतं, आणि मध्यस्थाचा माग कदाचित खड्ड्यापर्यंत नेता आला असता. आता तो नेता येत नाही. त्या थडग्यात आणखी काय होतं, कोण पुरलेलं होतं, बाकीची भांडी कुणाच्या कपाटात आहेत, यातलं काही कळण्यासारखं उरलेलं नाही.

भांडं आता दक्षिण इटलीतल्या एका संग्रहालयात आहे. पाटीवर अंडरवर्ल्ड पेंटरच्या वर्तुळाचं नाव आहे, इसवी सनापूर्वीचं चौथं शतक आहे, उंची आहे. सापडल्याच्या ठिकाणासमोर ‘अपुलिया’ लिहिलंय आणि त्याच्यापुढे कंसात प्रश्नचिन्ह. खणातल्या बाकीच्या पाकिटांपैकी अकरांतली खापरं आजवर कुठल्या ना कुठल्या भांड्याला जुळली आहेत.